रक्ताची पहिली चाचणी

२६ जानेवारीची सकाळ. झेंडावंदन उरकले आहे, शाळेच्या सभागृहात मंडळाचे रक्तदान शिबिर सुरू झाले आहे. चार-पाच खाटा, कोपऱ्यात चहा-बिस्किटांचे टेबल, भिंतीवर फलक. विशीतला एक तरुण मित्रांबरोबर रांगेत येतो आणि त्याच्या हातात अर्ज पडतो. गेल्या वर्षभरात अंगावर टॅटू काढला आहे का? कावीळ झाली होती का? सध्या कोणते औषध सुरू आहे? एकाहून अधिक व्यक्तींशी शरीरसंबंध आला आहे का? शेवटच्या प्रश्नापाशी तो क्षणभर थबकतो. खांद्यावरून मित्र डोकावतो आहे आणि अर्ज गोळा करणारा कार्यकर्ता त्याच्याच गल्लीतला आहे. पेन सरसर चालते: नाही, नाही, नाही, नाही. खाली सही. सगळे मिळून अर्धा मिनिट.

पुढचे टप्पे मात्र नीट पार पडतात. वजन, नाडी, रक्तदाब. बोटाला टोचून काढलेला थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. तो पटकन तळाशी गेला की हिमोग्लोबिन पुरेसे आहे असे समजायचे. मग खाट, सुई, मुठीत दाबायचा मऊ चेंडू, आणि दहा मिनिटांच्या आत पिशवी भरते. प्रमाणपत्र, बिस्किटे, फोटो.

त्या पिशवीची रक्तकेंद्रात पाच आजारांसाठी तपासणी होईल. एचआयव्ही, हेपेटायटिस बी, हेपेटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. या चाचण्या कायद्याने बंधनकारक आहेत, कारण आपल्या औषध कायद्याच्या लेखी माणसाचे रक्त हे एक औषधच आहे. त्याला परवाना लागतो, मुदत असते, निरीक्षकाची तपासणी असते. मग चिंता कसली, असे कोणालाही वाटेल. पण या पाच चाचण्यांच्या आधी एक चाचणी होऊन गेलेली असते, आणि तिला यंत्र लागत नाही. ती त्या अर्ध्या मिनिटात झाली.

तिचे महत्त्व कळायला एक गोष्ट समजून घ्यावी लागते. विषाणू शरीरात शिरला की दुसऱ्याच दिवशी तो चाचणीत सापडतो असे नाही. एचआयव्हीची नेहमीची एलायझा चाचणी विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, काहींना त्याहून जास्त. हेपेटायटिस सी प्रतिपिंडांच्या चाचणीत दिसायला दोन महिनेही जाऊ शकतात. या मधल्या काळाला डॉक्टर ‘विंडो पिरियड’ म्हणतात. या काळात माणूस ठणठणीत असतो, चाचणी ‘निगेटिव्ह’ येते आणि रक्तात विषाणू मात्र असतो. प्रयोगशाळेने काहीही चूक केलेली नसताना अशी पिशवी सुरक्षित म्हणून बाहेर पडते.

विषाणूचे जनुकीय द्रव्यच थेट शोधणारी ‘नॅट’ ही चाचणी हा काळ बराच कमी करते. एचआयव्हीच्या बाबतीत तो साधारण दहा-अकरा दिवसांवर येतो. मोठ्या शहरांतली काही रक्तकेंद्रे ती करतात. देशात ती सक्तीची नाही. यंत्रे महाग, प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत आणि प्रत्येक पिशवीमागचा खर्च वाढतो. ती सर्वत्र करावी ही रुग्णांच्या पालकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तही आहे. पण नॅटनेही तो काळ शून्यावर येत नाही. उरलेले दहा दिवस कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर असतात. त्या दहा दिवसांत काय घडले हे एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तो रांगेत हातात पेन घेऊन उभा असतो.

पिशवीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे सहसा दिसत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आयुष्यभर. त्याच्या शरीरात धड तांबड्या पेशी तयारच होत नाहीत. म्हणजे शाळेत चौथी-पाचवीला पोहोचेपर्यंत त्याच्या अंगात शंभर-दीडशे अनोळखी माणसांचे रक्त गेलेले असते. अपघातात एकदाच दोन पिशव्या लागलेल्या माणसाची जोखीम आणि या मुलाची जोखीम यांची तुलनाच होऊ शकत नाही. आपल्याकडे विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांतल्या अनेकांनाही वारंवार रक्त घ्यावे लागते.

२०११ मध्ये गुजरातेत जुनागढ येथे थॅलेसेमियाच्या २३ मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये झारखंडमधल्या चाईबासा येथे अशाच पाच मुलांच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. मधल्या काळात मुंबईचे माहिती अधिकार कार्यकर्ते चेतन कोठारी यांनी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडून मिळवलेली एक आकडेवारी गाजली होती. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात २,२३४ जणांनी आपल्याला रक्तातून एचआयव्हीची लागण झाल्याचे सांगितले होते. हा आकडा रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यावर बेतलेला होता, प्रत्येक प्रकरणाची शास्त्रीय शहानिशा झालेली नव्हती, हे सांगायला हवे. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांचा मार्ग वेगळा असतो, हेही खरे. पण ज्या घरात असे मूल आहे त्या घराला टक्केवारी ऐकवून उपयोग नसतो.

आपल्या देशात ही पहिली चाचणी अनेक वर्षे अस्तित्वातच नव्हती, कारण रक्त विकत मिळत होते. ऐंशीच्या दशकापर्यंत मोठ्या रुग्णालयांच्या फाटकाबाहेर रक्त विकणारे उभे असत. कोणी हमाल, कोणी रिक्षा ओढणारा, कोणी व्यसनापायी पैशाला मोताद झालेला. ज्याच्या घरची चूल त्या पिशवीवर पेटते, त्याला ‘कावीळ झाली होती का?’ असे विचारून खरे उत्तर कसे मिळणार? महिन्यातून दोन-तीनदा रक्त देणारेही त्यांत होते. त्यांच्या रक्तात लोहही धड उरलेले नसे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्येच ब्रिटन आणि अमेरिकेची तुलना करून दाखवले होते की, पैसे देऊन मिळवलेले रक्त हे विनामोबदला मिळालेल्या रक्तापेक्षा अधिक धोकादायक असते. कारण साधे होते. पैशाची गरज असलेल्या माणसाला आपला आजार लपवण्याचे कारण असते. फुकट देणाऱ्याला नसते.

एचआयव्हीच्या आगमनाने हा प्रश्न ऐरणीवर आला. १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्ही चाचणी बंधनकारक झाली. पण देशातल्या निम्म्याहून अधिक रक्तपेढ्या विनापरवाना चालत असतील, तर बंधन कोणावर? या अवस्थेवर ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या वतीने एच. डी. शौरी यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने दिलेला निकाल हा आजच्या साऱ्या व्यवस्थेचा पाया आहे. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि राज्योराज्यी तशा परिषदा स्थापन करा, परवान्याशिवाय रक्तपेढी चालू देऊ नका आणि दोन वर्षांत पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत बंद करा, असे आदेश त्यात होते. १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्तविक्री बेकायदा ठरली. २००१ मध्ये हेपेटायटिस सी ची चाचणी सक्तीची झाली, २००२ मध्ये राष्ट्रीय रक्त धोरण आले.

कागदावर प्रश्न सुटला. पण रक्त लागणारे थांबत नाहीत, आणि ‘दोन डोनर घेऊन या, मग पिशवी मिळेल’ हे वाक्य अनेक राज्यांत आजही ऐकू येते. याला बदली रक्तदान म्हणतात. शस्त्रक्रियागृहाबाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे कोणाचा नंबर नसतो, गाव दूर असते, आणि मग कोणीतरी ‘भाऊ’ किंवा ‘मेहुणा’ म्हणून उभा राहतो. त्याला आडून पैसे मिळालेले असतात. बंदीला दहा वर्षे झाल्यावर, २००८ मध्ये, उत्तर प्रदेशात गोरखपूरला पोलिसांनी १७ जणांची सुटका केली. त्यांना कोंडून ठेवून त्यांचे रक्त काढले जात होते. खराखुरा नातेवाईक रक्त द्यायला आला तरी अडचण असतेच. भावाचा जीव टांगणीला लागलेला असताना ‘मला नुकतीच कावीळ होऊन गेली’ असे कबूल करून रांगेतून बाहेर पडणे सोपे नाही. सासरची माणसे काय म्हणतील, हाही प्रश्न असतो. तिथे पैसा नसेल, पण दबाव असतो.

महाराष्ट्राची स्थिती याबाबतीत पुष्कळ बरी आहे. राज्यात जमा होणाऱ्या रक्तापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक रक्त ऐच्छिक असते आणि एकूण संकलनातही राज्य देशात वर्षानुवर्षे आघाडीवर आहे. यामागे जुनी पुण्याई आहे. मुंबईत लीला मुळगावकर यांनी ऐच्छिक रक्तदानाचा प्रसार करण्यात हयात घालवली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या त्या पत्नी. या कामासाठी त्यांना १९६३ मध्ये पद्मश्री मिळाली. देशपातळीवर हेच काम डॉ. जय गोपाल जॉली यांनी केले, आणि म्हणून त्यांचा जन्मदिवस, १ ऑक्टोबर, हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन म्हणून पाळला जातो. गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजना, कारखान्यांतल्या कामगार संघटना, अशा कितीतरी हातांनी ही सवय राज्यात रुजवली. जाता जाता, ‘बॉम्बे’ नावाचा अतिदुर्मीळ रक्तगटही याच शहराची देणगी. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला.

पण ऐच्छिक रक्तदात्याचा विश्वास एकदा तुटला की काय होते, याचे उदाहरण शेजारीच, गोव्यात, घडून गेले आहे. डॉमिनिक डिसोझा हा तिशीच्या आतला तरुण नियमित रक्त देत असे. फेब्रुवारी १९८९ मध्ये एके दिवशी पोलीस त्याच्याकडे आले. त्याला म्हापशाच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि तिथून क्षयरोग्यांच्या एका जुन्या, ओस पडलेल्या आरोग्यधामात पहाऱ्यात ठेवण्यात आले. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता, आणि गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा व्यक्तीला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद होती. हा निकाल त्याला कोणी शेजारी बसवून, समजावून सांगितलेला नव्हता. तो तिथे ६४ दिवस होता. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात दाद मागितली. न्यायालयाने त्या कायद्याला घटनाबाह्य ठरवले नाही. बाहेर आल्यावर डॉमिनिकची नोकरी गेली. त्याने एचआयव्हीग्रस्तांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

त्या काळात गोव्यात रक्तदानाला निघालेल्या एखाद्या माणसाने ही बातमी वाचली असेल, तर त्याने काय विचार केला असेल? शंका असलेला माणूस रक्त द्यायलाच येणार नाही, हे झाले बरे परिणाम. वाईट असा की, तो मित्रांच्या आग्रहाने येईल आणि अर्जावर सगळीकडे ‘नाही’ लिहील.

आज कायदा उलट दिशेला आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा अशा व्यक्तीची माहिती तिच्या संमतीविना उघड करण्यास मनाई करतो. राष्ट्रीय परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीत काही आढळले तर दात्याला खासगीत बोलावून सांगायचे, समुपदेशन व तपासणी केंद्राकडे पाठवायचे आणि पुढच्या उपचारांशी जोडून द्यायचे असते. अर्जातच दात्याला ‘निकाल कळवावा का?’ असे विचारलेले असते. व्यवस्था नीट चालली तर रक्तदान ही त्या माणसाच्या आजाराची वेळेत लागलेली चाहूल ठरते. मात्र त्यासाठी अर्जावरचा मोबाइल क्रमांक बरोबर असावा लागतो, आणि फोन करणारे कोणीतरी असावे लागते. शिबिरात घाईघाईत लिहिलेला क्रमांक एका आकड्याने चुकला, तर ही साखळी तिथेच तुटते.

याच सूचनांमधला एक भाग वादात आहे. तृतीयपंथी व्यक्ती, समलैंगिक पुरुष आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रिया यांना त्यात रक्तदानापासून कायमचे वगळले आहे, आणि २०२१ मध्ये त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. या गटांत लागणीचे प्रमाण जास्त असल्याचे सरकारचे म्हणणे. याचिकाकर्त्यांचे म्हणणे असे की, प्रश्न माणूस कोण आहे हा नसून त्याने अलीकडे काय केले हा असायला हवा. ब्रिटनने जून २०२१ पासून हाच मार्ग घेतला. तिथे आता प्रत्येकाला, मग तो कोणीही असो, गेल्या तीन महिन्यांतल्या संबंधांविषयी तेच प्रश्न विचारले जातात. रुग्णाच्या बाजूने पाहिले तरी वर्तनाविषयीचा प्रश्न अधिक उपयोगाचा वाटतो. एकनिष्ठ जोडप्याला तो अडवत नाही आणि ‘मी त्यांतला नाही’ म्हणत जोखीम घेऊन आलेल्या माणसाला सुटू देत नाही. पण तो प्रश्न भरल्या सभागृहात विचारून चालणार नाही. पडद्याआड, एकेकट्याला, डॉक्टरने किंवा समुपदेशकाने विचारायला हवा. सूचनांमध्ये ही गोपनीयता सांगितलेली आहेच. तीनशे जणांच्या रांगेत दोन डॉक्टर ती पाळू शकतात का, हा साधा गणिताचा प्रश्न आहे.

आणि रांग तीनशेवर थांबते असेही नाही. नेत्याचा वाढदिवस, पक्षाचा वर्धापनदिन, एखाद्या संस्थेचा विक्रम. एका दिवसात हजारो पिशव्या गोळा करणारी महाशिबिरे राज्यात होतात आणि वृत्तपत्रांत त्यांचे फोटो येतात. गर्दी जमवायला मग भेटवस्तू येतात: डबे, बॅगा, हेल्मेट. डिसेंबर २०२० मध्ये, करोनाकाळातल्या टंचाईत, मुंबईतल्या एका शिबिरासाठी दात्याला एक किलो चिकन, शाकाहारी असल्यास पनीर, देण्याचे जाहीर झाले होते. बातमी वाचून पुष्कळांना हसू आले. रक्तशास्त्रातल्या मंडळींना आले नसावे. ऐच्छिक रक्तदानाची जगभर मानली जाणारी व्याख्या सांगते की, दात्याला रोख पैसे किंवा पैशाची जागा घेईल अशी वस्तू मिळता कामा नये; चहापाणी, प्रवासखर्च, एखादे छोटे स्मृतिचिन्ह चालते. बिल्ला आणि हेल्मेट यांच्यामधली रेषा कुठे ओढायची यावर वाद घालता येईल. पण ज्या वस्तूसाठी माणूस रांगेत उभा राहिला ती खरे उत्तर दिल्याने हुकणार असेल, तर ती वस्तू म्हणजे रक्ताची किंमतच झाली.

गंमत म्हणजे सरकारही या रेषेच्या अवतीभवती फिरते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना रक्तदानाच्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा मिळते, वर्षातून जास्तीत जास्त चार दिवस. हेतू चांगला आहे. पण वर सांगितलेल्या व्याख्येत ‘रक्तदानाला लागेल त्यापेक्षा जास्त सुट्टी’ हाही मोबदलाच मानला आहे.

महाशिबिरांचा दुसरा तोटा उघड हिशेबाचा आहे. रक्त साठवता येते, पण फार काळ नाही. पिशवीतून वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी दोन ते सहा अंश सेल्सिअसला ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स फक्त पाच दिवस, तेही सतत हलवत ठेवल्या तर. प्लाझ्मा गोठवून वर्षभर ठेवता येतो. म्हणजे एका दिवशी आलेल्या पाच हजार पिशव्यांतल्या प्लेटलेट्स त्या आठवड्यात वापरल्या तर वापरल्या. पुढच्या पावसाळ्यातल्या डेंग्यूच्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही. चेतन कोठारी यांनीच २०१७ मध्ये मिळवलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत देशात रक्त आणि रक्तघटकांच्या २८ लाखांहून अधिक पिशव्या टाकून द्याव्या लागल्या होत्या. सर्वाधिक नासाडी झालेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. जिथे सर्वाधिक गोळा होते तिथे जास्त वाया जाणार, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता येते. पण एप्रिल-मे उजाडला की हेच राज्य टंचाईने हैराण होते. महाविद्यालये बंद, नोकरदार गावी, ऊन मी म्हणत असते आणि शिबिरे थांबतात. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा तेच. शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि थॅलेसेमियाची मुले यांना सुट्टी नसते.

सरकारने यावर काही उपाय केले आहेत. २०१५ मध्ये एका रक्तपेढीतला जास्तीचा साठा दुसरीकडे पाठवण्याची परवानगी मिळाली; त्याआधी शेजारच्या जिल्ह्यात गरज असूनही पिशवी मुदत संपेपर्यंत पडून राहत असे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ई-रक्तकोष’ या संकेतस्थळावर कोणत्या रक्तकेंद्रात कोणत्या गटाचा किती साठा आहे हे पाहता येते, अर्थात केंद्राने तो वेळेवर भरला तर. २०२० मध्ये नियम बदलून ‘रक्तपेढी’ऐवजी ‘रक्तकेंद्र’ हा शब्द आला, पण तो लोकांच्या तोंडी बसायला वेळ लागेल. करोनाची लस आली तेव्हा लस घेतल्यावर २८ दिवस रक्त देऊ नये असा नियम होता. तरुणांचे लसीकरण सुरू झाल्यावर रक्ताचा खडखडाट होणार हे दिसू लागले, आणि मे २०२१ मध्ये ही मुदत १४ दिवसांवर आणली गेली. त्या काळात ‘आधी रक्तदान, मग लस’ असे आवाहन करणारे फलकही लागले होते.

किमतीचा मुद्दाही विश्वासाशीच जोडलेला आहे. ‘आम्ही फुकट देतो आणि हे विकतात’ ही तक्रार प्रत्येक शिबिरात कोणी ना कोणी करतोच. नियमाप्रमाणे रक्त विकता येत नाही. घेतले जाते ते प्रक्रिया शुल्क: पिशवी, चाचण्या, घटक वेगळे करणे, शीतकपाट, मनुष्यबळ यांचा खर्च. २०२२ च्या सुधारित दरांनुसार तांबड्या पेशींच्या एका पिशवीसाठी सरकारी केंद्रात जास्तीत जास्त १,१०० आणि खासगी केंद्रात १,५५० रुपये घेता येतात. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त विनामूल्य द्यायचे असते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांना ‘रक्त विक्रीसाठी नाही’ अशी आठवण देशभर नव्याने करून द्यावी लागली, यावरून जे समजायचे ते समजावे. हे दर रक्तकेंद्राच्या दारावर ठळक लावले, तर शिबिरातल्या त्या तक्रारीला उत्तर मिळेल.

आणखी एक गोष्ट शिबिरात दिसते, पण तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. रांगेत मुली येतात आणि परत जातात. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मोरचुदाच्या द्रावणात थेंब तरंगत राहिला की ‘तुम्हाला जमणार नाही’ एवढेच सांगून तिला बाजूला केले जाते. ती पाणी पिऊन निघून जाते. वास्तविक तिची तपासणी झालेली असते आणि दोष सापडलेला असतो. तिच्या हातात लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता ठेवायला फारसा खर्च येणार नाही. सहा महिन्यांनी ती दाता म्हणून परत येऊ शकते. आज ती परत येत नाही, कारण आपल्याला ‘नापास’ केले एवढेच तिच्या लक्षात राहते.

परत येणारा दाता हा या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा माणूस आहे. त्याचे रक्त दर वेळी तपासले गेलेले असते, त्याला प्रश्न पाठ असतात आणि ते का विचारतात हेही ठाऊक असते. ‘परवा दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो, या वेळी नको’ असे तो आपणहून सांगतो. रक्त दिल्यानंतर दोन दिवसांनी ताप आला तर तो रक्तकेंद्राला फोन करून कळवतो, आणि ती पिशवी वेळेत बाजूला काढता येते. त्याला मित्रांसमोर काही सिद्ध करायचे नसते. पुरुषाला दर ९० दिवसांनी आणि स्त्रीला दर १२० दिवसांनी रक्त देता येते. वर्षातून दोनदा येणारे लाखभर लोक हे एकदाच येणाऱ्या दोन लाखांपेक्षा रुग्णाच्या दृष्टीने कितीतरी बरे. अशा दात्यांची यादी प्रत्येक रक्तकेंद्राच्या संगणकात पडून असते. तिचा उपयोग करायचा तर एक माणूस नेमून त्याला रोज पन्नास फोन करायला सांगावे लागते. महाशिबिराच्या मंडपाच्या खर्चात त्याचा अनेक महिन्यांचा पगार निघेल.

प्रजासत्ताक दिनाच्या शिबिरात रक्त दिलेल्या त्या तरुणाचे ९० दिवस २६ एप्रिलला पूर्ण होतात. तोवर महाविद्यालये रिकामी होऊ लागलेली असतात आणि रक्तकेंद्राच्या शीतकपाटातल्या पिशव्या मोजण्याइतक्या उरलेल्या असतात. त्याचा मोबाइल क्रमांक अर्जावर आहे. या वेळी तो मित्रांबरोबर नाही, एकटाच येईल. समुपदेशकाच्या टेबलापाशी पडदा असेल, तर त्या शेवटच्या प्रश्नापाशी तो पुन्हा थबकेल आणि काय लिहायचे याचा नीट विचार करेल. त्यासाठी आधी कोणीतरी त्याला फोन करायला हवा.